डाव्या पायाचा ठेका

कुरकुंभच्या कंपनीतली पहिली पाळी सुटली की सारिका दौंडला उतरायची आणि पुढं मांडवगणची एसटी धरायची. त्या सोमवारी मात्र ती मल्हारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरली. तिच्या वडिलांचं, आबांचं, कीर्तनांचं मेमरी कार्ड बिघडलं होतं.

काउंटरमागं खुर्ची, भला मोठा पडदा, आणि पडद्यावर... चक्क विमान!

"दुकानदार हाय का पायलट?"

"गिऱ्हाईक आलं की दुकानदार," मल्हार हसला.

कार्डातली कीर्तनं परत मिळू लागली, पण रोज एखादंच. म्हणून ती रोज यायची. तो ते दिवसभर स्पीकरवर लावून तपासायचा, तपासता तपासता पडद्यावरच पुण्याहून सोलापूरकडं विमान उडवायचा. पायलटांच्या सरावासाठी असली नकली विमानं, सिम्युलेटर, बनवणाऱ्या हैदराबादच्या एका कंपनीला वीस मिनिटांच्या सरळ उड्डाणाचा व्हिडिओ शनिवारपर्यंत पाठवायचा होता. जमलं तर नोकरी. विमान डावी-उजवीकडं वळवणारे पायांखालचे पेडल त्यानं भंगारातून स्वतः बनवलेले.

आणि सोमवारपासूनच विमान ऐकेना. ऑटोपायलट लावला तरी शेपटीचं सुकाणू, रडर, हिसके द्यायचं, नाक डावीकडं वळायचं. स्प्रिंग बदलली, वायरी बदलल्या...

"काय बिघडलंय, कळंना!"

सारिका खाली बघत चहा पीत राहिली.

शनिवारी त्याचा चेहरा तिला बघवेना. स्पीकरवर विठ्ठलनामाचा गजर चढला होता. ती उठली, स्पीकर बंद केला.

"अवो, का बंद केलं?"

"आता उडवा."

विमान सरळ गेलं. वीस मिनिटं, जराही न डगमगता.

"गजर सुरू झाला की तुमचा डावा पाय मृदंगावर ठेका धरतो," ती म्हणाली. "पेडलवरच. ऑटोपायलट बिचारा काय करणार?"

कीर्तनाचं असंच असतं; माणसाला पत्ता नसतो आणि पाय ठेक्यात शिरलेला असतो.

"तुम्हाला कवा कळलं?"

"सोमवारीच."

"आन् बोलला न्हाईत?"

ती पर्सची चेन लावत होती — लागलेली चेन पुन्हा उघडून.

"बोलले असते तर... तुम्ही सोमवारीच हैदराबादला उडाला असता."

मल्हारनं व्हिडिओ पाठवला. मग स्पीकर पुन्हा लावला आणि या वेळी जाणूनबुजून डावा पाय दाबला. पडद्यावर नदीची रेघ आली.

"डावीकडं काय हाय?"

"भीमा. पलीकडं आमचं गाव."

"हैदराबादला जायच्या आधी... आबांना भेटायला येऊ?"

एसटीचा हॉर्न वाजला. सारिका दारात थबकली.

"एकादशीला कीर्तन हाय. या. तिथं पाय कुणी अडवत न्हाई."