मामाला बोलावलं नव्हतं

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं. हे भर दुपारी घडलं. दीडशे माणसांसमोर.

खोटं वाटलं तर पनवेलला या. माणसं दाखवतो.

मे २०१६. करंजाड्याच्या अलीकडचं एक तीन मजली हॉटेल. काचेचा दरवाजा, कार्डाने उघडणाऱ्या खोल्या, लिफ्ट. नाव लिहीत नाही. काका अजून तिथं सिक्युरिटीला आहे.

शशिकला माझी काकू. तिची मुलगी पूर्वी, तिचं लग्न. हॉल आणि वरच्या चार खोल्या, दोन दिवसांसाठी, फुकट.

का फुकट, ते ऐका.

२००९ साली या हॉटेलच्या पायाचा खड्डा खणत होते. काकूचा धाकटा भाऊ जीवन तिथं कामाला. खड्ड्यात पाणी भरलं, तो पंप बघायला उतरला, आणि कड ढासळली. मालकाने शोध घेतला नाही. तिसऱ्या दिवशी वर काँक्रीट ओतलं.

आणि काकूने कागदावर सही केली... जीवन त्या दिवशी कामावर आलाच नव्हता.

काकाला या हॉटेलात नोकरी लागली, वर पोरीच्या लग्नाला हॉल फुकट द्यायचा शब्द मिळाला. जीवन कागदावर बेपत्ता झाला.

काकू रडली नाही. तेव्हापासून तिला काही होतच नव्हतं. तव्याचा चटका बसला तरी हात सावकाश उचलायची.

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये गुणाबाई बसली. गुणाबाई धवलारीण. आम्हा आगऱ्यांत लग्नात धवलारीण गाऊन बोलावणं करते. देवांना, मग घरातल्या मेलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन. जित्यांना पत्रिका, मेल्यांना धवला.

गुणाबाईने हळूच विचारलं, "जीवनला कुटं घालू गो, शशे? मेल्यात का जित्यात?"

काकू हळद कालवत होती. मेल्यात म्हणावं, तर सही खोटी. मग नोकरी गेली, लग्न मोडलं. जित्यात म्हणावं, तर पत्रिका कुठे धाडायची?

"कुटंच नको," काकू म्हणाली.

"मामा हाय तो पोरीचा!"

"मामाच्या जागी बळीराम उभा ऱ्हाणार हाय."

बळीराम काकूचा चुलतभाऊ. तो तिकडून ओरडला, "सफारी शिवलीय मी! आता मामा बदलू नका!"

बायका हसल्या. गुणाबाई हसली नाही. तिने धवला धरला. देव झाले. काकूचे वडील काशिराम झाले. नंतर जीवनचं नाव यायचं, तिथं तिने श्वास घेतला...

"ओ..."

लिफ्टच्या बाजूने आलं. हाक मारल्यावर घरातलं माणूस देतं, तसं.

लिफ्टचं दार बंद होतं.

सगळ्यांनी ऐकलं. गुणाबाईने पुढचं नाव घेतलं.

बारा चाळीसचा मुहूर्त. भटजींनी माइकवर सांगितलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." बळीराम वर तीनशे चार नंबरच्या खोलीत गेला. जिन्याने धावत खाली आला.

"शशे, पूर्वी खोलीत नाय!"

काकूने लिफ्टकडे पाहिलं. वरचा आकडा बदलत होता.

तीन... दोन... एक... तळमजला...

थांबला नाही. बेसमेंटला गेला.

सनईची कॅसेट वाजत राहिली. मी पायाने तिचा ठोका मोजत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. मग लिफ्ट वर आली. दार उघडलं.

पूर्वी एकटी. डोक्याला मुंडावळ्या. शालू गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने भिजलेला. खाडीच्या चिखलाचा वास. उजवा कोपर जरा वर धरलेला... बाजूच्या कोणीतरी तो धरून चालावं तसा.

"कोणी आणली गं तुला?" काकूने विचारलं.

"मामानं."

"बळीराम तर इथं हाय."

"जीवनमामानं. तो बोलला, तुजी आय मना जित्यात नाय बोलवत, मेल्यात नाय बोलवत. मंग मी सोताच आलू."

सकाळी गुणाबाईने विचारलं तेव्हा पूर्वी वर खोलीत मेंदी धूत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

काका बॅटरी घेऊन खाली पळाला. बेसमेंट कोरडं. चार गाड्या, एक जनरेटर. चिखल कुठेच नाही.

लग्न लागलं. काकूने अक्षता टाकल्या. तोंडावर काहीच नव्हतं.

पूर्वी सुखात आहे. तो विषय काढला की उठून जाते.

गेल्या महिन्यात तिच्या भावाचं, निकेशचं लग्न झालं. घराच्या अंगणात. गुणाबाईने पुन्हा विचारलं, "मेल्यात का जित्यात?"

काकूने हळदीचा हात पदराला पुसला.

मग म्हणाली, "मेल्यात घाल."

दहा वर्षं झाली होती त्या सहीला. गुणाबाईने नाव घेतलं. मोठ्याने. जीवन काशिराम...

ओ आली नाही.

गुणाबाईने पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा काकूने स्वतः हाक मारली, "जीवन रे..."

काहीच नाही.

काका त्या दिवशी रात्री ड्युटीवर गेला. तिथं कळलं... सकाळी, आमच्याकडे धवला चालू होता त्याच वेळी, हॉटेलची लिफ्ट आपोआप बेसमेंटला गेली. दार उघडलं. ते मिटेना.

मेकॅनिक तीनदा येऊन गेला. वायर बदलली, मोटर बदलली. दार उघडंच.

कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

ज्याला वर बोलावलं, त्याला आधी काँक्रीटखालून काढायला नको? मी काकूला म्हटलं, पोलिसांत चल, मी येतो बरोबर. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

हॉटेलने पाटी लावलीय, 'लिफ्ट बंद आहे.' काकाची खुर्ची आता खाली बेसमेंटला, त्या उघड्या दारासमोर ठेवलीय. रात्रपाळी त्याचीच असते.

काल तो मला म्हणाला, "आजून कोन बोलला नाय. पन चिखलाचा वास येतो."