ताईचा नंबर

माझं सगळं आयुष्य पाण्याचे मीटर वाचण्यात गेलं. काचेत काटा दाखवेल तेवढंच खरं, बाकी घरमालकाच्या गप्पा, हा माझा बाणा. म्हणून आरोग्यकेंद्राच्या दारातल्या रांगेबद्दल, जे पाहिलं तेवढंच सांगतो.

साथ आली तेव्हा आमच्या भागात म्हातारेच उरले होते. पोरं कामाला परदेशी. माझी थोरली बहीण धापा टाकत अंथरुणावर पडली होती आणि तिचा मुलगा तिकडून फोनवर मला बजावत होता, "मामा, गर्दीत जाऊ नका हं." न जाऊन सांगतो कुणाला! ऑक्सिजनचे सिलिंडर केंद्रातच मिळत, तेही रोज मोजकेच.

उन्हात उभं राहायची ताकद कुणातच नव्हती. म्हणून आम्हीच शक्कल काढली. आजाऱ्याच्या चपला रांगेत ठेवायच्या आणि आपण भिंतीच्या सावलीत बाकावर टेकायचं. एका आजाऱ्याचा एकच जोड, म्हणजे लबाडीला वाव नको. ज्याचा नंबर लागला नाही त्याच्या चपला रात्रीही तिथेच. रांग हलली की मी काठीने सगळे जोड एकेक करून पुढे ढकलायचो. मला एका जागी बसवत नाही, म्हणून सगळ्यांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

ताईच्या निळ्या पट्ट्यांच्या चपलांपुढे शिंप्याचे तपकिरी सँडल होते. त्याची बायको रोज माझ्या शेजारी बसायची. एका सकाळी ती आली, सँडल उचलले आणि निघून गेली. मी काय ते समजलो.

दुसऱ्या दिवशी सँडल जागेवर होते.

बिचारीच्या डोक्याचा ताबा सुटला असेल, परत आणून ठेवले असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण मग आणखी एक जोड तसाच ताईच्या पुढे आला. मग बेकरीवाल्याचे पांढरे बूट. त्याला शववाहिनीतून नेताना तर मी स्वतः पाहिलं होतं. बाकावरची माणसं रोज कमी होत होती आणि रांग मात्र लांबत होती. ताईच्या चपला दारापासून लांब लांब जात होत्या. मला झोप नाही, जेवण नाही. घरी ताईची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची.

शेवटी शिंप्याचं घर गाठलं.

"वहिनी, ते सँडल रांगेत कशाला ठेवलेत परत?"

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "कसले सँडल, भाऊ? त्यांच्या पायात घालूनच पाठवलं मी त्यांना."

त्या दिवशी शिंप्याचा जोड रांगेत पहिला आला. "पुढचे या!" कंपाउंडर ओरडला. कुणी उठलं नाही. तो थांबला. थांबायचं हाही आमचाच नियम. म्हातारं माणूस, यायला वेळ लागतो, त्याचा नंबर मारायचा नाही. दुपार झाली, दार बंद झालं, सिलिंडर आत तसेच राहिले.

"हे बेवारशी जोड काढून टाकू या," मी म्हणालो.

बाकावरच्या एका आजींनी मान हलवली. "नको रे बाबा. उद्या आपल्यावर वेळ आली तर?"

मी वाकून सँडलला हात लावला. सावलीत होते, तरी आतून ऊबदार लागले. आत्ताच कुणी पायातून काढावेत तसे.

दुसऱ्या सकाळी ताईचे ओठ काळेनिळे पडले होते. मी केंद्रावर गेलो आणि काठीने तिच्या चपला थेट पायरीपर्यंत ढकलत नेल्या. सगळ्यांच्या पुढे. आपलं घोडं पुढे दामटणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग. पण बहीण एकच होती. अडवायला बाकावर उरलं होतंच कोण?

सिलिंडर हातगाडीवाल्याने घरात आणून दिला. रांगेतून परत आणलेल्या ताईच्या चपला मी दाराशी ठेवल्या, तिला मास्क लावला, चावी फिरवली. काटा भरलेला दाखवत होता. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला आणि मला रडूच फुटलं. तोंड लपवायला मी चहा टाकायला आत गेलो.

परत आलो तर मास्क तिच्या मांडीवर होता. चावी बंद.

"ताई, हे काय केलंस!"

"मधे घुसवलंस ना मला?" ती शांतपणे म्हणाली. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की याच आवाजात विचारायची. "ते सगळे आले होते आत्ता. शिंपी, बेकरीवाला. बिचारे किती दिवस थांबलेत. मी म्हटलं, चुकलं माझ्या भावाचं, मी जाते मागे."

मी चावी उघडली, मास्क तिच्या तोंडावर दाबला. तिने तो हळूच बाजूला केला.

"नंबर आला की बोलावतील रे."

"कोण बोलावतील? ताई, तुझ्या चपला इथेच आहेत, दाराशी. बघ!"

मी वळून पाहिलं. दाराशी काही नव्हतं.

काटा अजून भरलेलाच दाखवत होता. ताई दाराकडे कान देऊन बसली होती.

बाहेर जिन्यात कुणीतरी काठीने चपला पुढे सरकवत होतं. एकेक जोड, सावकाश, कुणाचाही नंबर न चुकवता.