हॅरलनची हॅट

"अगं, खांदा आहे माझा, पायरी नाही!" एमॉस कुरकुरला.

"गप रे! हलू नकोस!" त्याच्या खांद्यावर चढून टॅबिथा प्रार्थनाघराच्या खिडकीतून आत डोकावत होती.

सुट्टीतला रविवार होता. आत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी नेहमीप्रमाणे तासभर डोळे मिटून, चिडीचूप बसली होती. मुलांना शेवटची पंधरा मिनिटंच आत घेत. तोवर टॅबिथा, एमॉस आणि जोसी बागेत हुंदडत.

"हॅरलनची हॅट खाली पडलीय," टॅबिथा म्हणाली.

"मग उचलतील की!" जोसी म्हणाली.

"छे! डॉर्कसनं दिलेली हॅट ते जमिनीला लागू देतील?"

डॉर्कस म्हणजे हॅरलनची बायको. मागच्या हिवाळ्यात त्या याच बाकावर, प्रार्थनेतच गेल्या. किती शांत मरण, असं सगळे म्हणाले होते.

टॅबिथानं पुन्हा निरखून पाहिलं. हॅरलनचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

"बाप रे! पळा!"

दाराला आतून कुलूप! शेजारच्या गावातल्या प्रार्थनाघरावर हल्ला झाल्यापासून सुरक्षा समितीचा तसा नियमच होता. मुलांना आत घ्यायची वेळ होईपर्यंत दार वाजलं तरी उघडायचं नाही. बाहेरून कोण येईल याची सगळ्यांना धास्ती. आपल्या शेजारच्याला काय होतंय ते मात्र कोणीच बघत नव्हतं. तिघांनी दार धडाधडा वाजवलं, पण कोणी जागचं हललं नाही.

"एमॉस, स्वयंपाकघराची खिडकी! तू काटकुळा, तूच मावशील!"

एमॉस आत घुसला आणि त्यानं मागचं दार उघडलं. जोसीनं फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. टॅबिथा थेट सभागृहात शिरली. तिथं आजवर कोणी ओरडलं नव्हतं.

"डोळे उघडा! हॅरलनकडे बघा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

महिन्याभरानं हॅरलन चाकांच्या खुर्चीतून परत आले. पक्षाघातानं उजवा हात कायमचा लुळा पडला होता. समितीची प्रमुख रूथ सर्वांसमोर म्हणाली, "पोरांनो, तुम्ही होतात म्हणून हे आज इथं आहेत. आम्ही चुकलो. आता दाराला कुलूप नसेल, दाराशी माणूस असेल. आणि आत दर रविवारी एकजण डोळे उघडे ठेवून बसेल."

प्रार्थना संपली की शेजाऱ्याशी हात मिळवायचा, ही तिथली रीत. हॅरलननी टॅबिथापुढे डावा हात केला. तिचा हात त्यांनी सोडलाच नाही.

"शाब्बास, पोरी," ते अडखळत म्हणाले. "डॉर्कस गेली त्या दिवशी तिचा हातमोजा पडला होता. मी पाहिला. म्हटलं, मध्येच कशाला हलायचं? प्रार्थना झाली की उचलू."

टॅबिथाला रडू आवरेना. ती नुसती त्यांचा हात धरून बसली.

पुढच्या रविवारी डोळे उघडे ठेवून बसायची पहिली पाळी हॅरलननी मागून घेतली.