हेस्टरची तीनची फेरी

दिवा जरा इकडे सरकवा. माझं अक्षर बारीक आहे, आणि ही नोंद मला जशीच्या तशी सांगायची आहे.

सतरा ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी पावणेतीनला मी कॅथेड्रलमध्ये पोचलो. बाहेर धुकं होतं. आत मेणबत्त्यांचा आणि ओल्या दगडाचा वास.

आमच्या हॅलमिन्स्टरमध्ये पाहण्यासारखं म्हणजे हे कॅथेड्रल, बिशपच्या वाड्याभोवतीचा खंदक आणि सोमवारचा बाजार. ते दाखवणारे आम्ही सहा गाईड. एकोणीस वर्षं मी इथला इतिहास वह्यांत उतरवतोय. कुठला खांब कुठल्या साली खचला, ते मला विचारा. हेस्टर पार्ट्रिजने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. तरी गुरुवारी तीनला तिच्या फेरीला चाळीस माणसं, आणि माझ्या मंगळवारच्या फेरीला सात. त्यातली दोघं पाऊस चुकवायला आलेली. मे महिन्यात ती वारली. दफनाला मी गेलो होतो. तिथेही गर्दी होतीच.

आमच्यात एक रीत आहे. गाईड वारला, की त्याची वेळ मृतात्म्यांच्या दिवसापर्यंत, म्हणजे दोन नोव्हेंबरपर्यंत, रिकामी ठेवायची. त्या तासाला कुणी कॅथेड्रल दाखवायचं नाही. पण कॅथेड्रलवरचं नवं पुस्तक कुणी लिहायचं, हे कॅथेड्रलचे प्रमुख, डीनसाहेब, ऑक्टोबरातच ठरवणार होते. "एडगर, तुझी एखादी फेरी ऐकतो," असं ते म्हणाले, आणि मी हेस्टरचा गुरुवार मागून घेतला.

दार उघडणारा म्हातारा अँब्रोझ म्हणाला, "पंधरा दिवस कळ काढली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

"तिला आता काय फरक पडतो?"

"तिचं मला ठाऊक नाही. ती होती तेव्हा तुला मात्र फार पडायचा."

वीसेक माणसं होती. डीनसाहेब सर्वांत मागे. मी पायाभरणीच्या सालापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने लक्षात आलं, की कुणाचीच नजर माझ्यावर नाही. सगळे माझ्या डाव्या खांद्याच्या मागे, जरा खाली बघत होते. हेस्टर बुटकी होती.

मी काहीच गमतीचं बोललो नव्हतो, आणि ते हसले. मी बोलायचा थांबलो... त्यांच्या माना डोलतच राहिल्या. मागून पुदिन्याच्या गोळीचा वास आला. ती गोळी चघळत बोलायची. मी वळून पाहिलं. नुसते दगड.

मग सगळे उत्तरेच्या बाजूला वळले. तिथे मी कधी कुणाला नेत नाही. मीच त्यांच्या मागून गेलो. गायकांच्या जुन्या लाकडी आसनाखाली एक चेहरा कोरलेला आहे. त्यावर बोट ठेवून हिरव्या टोपीतली एक बाई पुटपुटली, "म्हणजे ही सुताराची सासू."

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"अहो, हळू," ती म्हणाली. "बाई सांगतायत ना."

कुणीही पळालं असतं. मीही घाबरलो होतो. पण त्या भीतीच्या वर दुसरंच काही चढलं. मेल्यावरसुद्धा हिलाच ऐकतात... मी वही काढली. "मला ऐकायला जरा कमी येतं," मी खोटंच म्हणालो. "काय सांगतायत?"

ती बाई कुजबुजत सांगत गेली, मी लिहीत गेलो. चार पानं भरली. एकोणीस वर्षांत मला न सापडलेलं सगळं त्यात होतं. पुस्तक आता माझंच होतं.

मग ती थांबली. "आता तुमच्याबद्दल सांगतायत."

"काय?"

ती ऐकत राहिली. सगळेच ऐकत राहिले, बराच वेळ. मग एकेकाने माझ्याकडे पाहिलं. फेरी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. एका म्हाताऱ्याने हळूच टोपी काढली, प्रेतयात्रा जाताना काढतात तशी.

"काय म्हणाल्या?" मी पुन्हा विचारलं. त्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला, आणि ती दाराकडे चालू लागली. बाकीचे तिच्या मागे गेले.

डीनसाहेब तेवढे उरले.

"पुस्तक तुझं, एडगर," ते म्हणाले. माझ्याकडे बघणं ते टाळत होते. "फक्त... लवकर लिही."

"का, साहेब?"

त्यांनी पुढे होऊन माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, लहान मुलाचं लावावं तसं.