सात मिनिटांचं उड्डाण

विमान उडालं आणि सातव्या मिनिटाला दोन्ही इंजिनं बंद पडली. शेतात पोटावर उतरलं. वैमानिक धक्क्यानं गेला. विमान बरंचसं वाचलं. कंपनीला दुःख दोन्हींचं झालं, पण पत्रक आधी विमानाबद्दल निघालं.

"संध्याकाळी अहवालावर सही होणार," वैमानिकाची बायको म्हणाली. "म्हणे ह्यांनी हट्टानं विमान ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात घातलं. माझी मुलगी हे आयुष्यभर ऐकेल."

गुप्तहेर वहिनी उठली. मागोमाग तिची पिशवी घेऊन तिचा दीर. देवानं त्याला अक्कल बेताची दिली होती. भरपाई म्हणून भूक दिली होती.

नियंत्रण कक्षातल्या बाईंनी नकाशा दाखवला. "ढग चाळीस मैल लांब होता. पण नकाशा सहा तास जुना," त्या मान खाली घालून म्हणाल्या.

"म्हणजे गुन्हेगार ह्याच!" दीर कुजबुजला.

"भाऊजी, पिशवी धरा."

हँगरमध्ये मुख्य मेकॅनिकनं इंजिनाची पाती दाखवली. त्यांवर काचेचा थर होता. "राख म्हणजे दगडाचं पीठ. आतल्या आगीत वितळतं, पात्यांवर थिजतं. इंजिनाचा श्वास कोंडतो."

दीर कॉकपिटच्या काचेत बघून भांग पाडत होता. "वहिनी, आरसा झक्क आहे!"

"उड्डाणाआधी विमान कुठं होतं?" वहिनीनं विचारलं.

"तीन दिवस इथंच, हँगरबाहेर उघड्यावर. राख पडत होती, पण इंजिनांना आच्छादनं होती. निघताना मीच काढली."

"धुतली कधी?"

"धुवायला वेळ कुणाला? तशीच कपाटात टाकली."

कपाटात लालभडक आच्छादनं कडक घडीत होती. दीरानं एक उशाला घेऊन पाहिलं. शिंकसुद्धा आली नाही.

वहिनीनं सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं, सहीला ठेवलेल्या अहवालासकट.

"राखेच्या ढगातून गेलेल्या विमानाची काच पॉलिशपेपरनं घासल्यासारखी होते. पलीकडचं दिसत नाही. ह्या काचेत आमच्या भाऊजींनी भांग पाडला. म्हणजे विमान ढगात गेलंच नाही. नकाशा जुना असो की नवा. राख इथंच, जमिनीवर, इंजिनात बसली. आणि तीन दिवस राख झेललेल्या, न धुतलेल्या आच्छादनांवर एक कण नाही? ती घातलीच नव्हती."

मेकॅनिक स्टुलावर बसला.

"तपासणीला मळकी आच्छादनं दिसली की गुण कापतात," तो पुटपुटला. "म्हणून आम्ही ती नवीकोरीच ठेवतो. आजवर काही झालं नव्हतं हो."

"यंदा गुण किती मिळाले?" वैमानिकाच्या बायकोनं विचारलं.

"शंभरपैकी शंभर."

तिनं अहवाल त्याच्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं.

"आधी तेवढं लिहा. मग ह्यांचं नाव खोडा."