उकळलेल्या पेशी

मे महिन्यातली दुपार होती. प्रेमिलाकाकू उमरेडहून एसटीनं नागपूरच्या प्रयोगशाळेत आल्या, त्या लेकीचं सामान न्यायला. एक स्वेटर, चष्म्याचं घर, दोन वह्या. कामिनीला अपघातात जाऊन अकरा दिवस झाले होते. तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या प्रणालीनं पिशवी भरून दिली. तिला काहीच वाटलं नाही. अकरा दिवसांत एकदाही रडू आलं नव्हतं.

"ती काय करे वं इथं? मले एकडाव दाखव," काकू म्हणाल्या.

प्रणाली त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली. कामिनीनं यीस्टच्या पेशींमध्ये एक प्रथिन घातलं होतं. निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकायचं. दार लावल्यावर एसीची घरघर तेवढी उरली, आणि आंबलेल्या पिठाचा वास. प्रणालीनं ट्रेमधली काच चढवली, निळा दिवा लावला. काकू वाकल्या. भिंगाला डोळा लावला.

"किती हिरवं हाय वं... आमच्या हातमागावरच्या रेशमावानी. अन् एकातून एक फुटून राहिलं."

"कळ्या येतात त्यांना, काकू. मोठी ती आई, लहान ती लेक, असं म्हणतो आम्ही."

बोलता बोलता प्रणालीचं लक्ष ट्रेकडे गेलं. जिवंत पेशींची काच ट्रेमध्येच होती. वर चढली होती ती लाल खुणेची. तुलनेसाठी तिनं स्वतःच सकाळी उकळून मारलेल्या पेशी. त्या चमकत नाहीत. त्यांना कळ्या फुटत नाहीत.

"काकू, जरा मी पाहते..."

तिनं डोळा लावला. काळोख. फोकस फिरवला. काळोखच.

"चुकून दुसरीच काच लागली. बदलते."

"नको." काकू पुन्हा वाकल्या. "हेच राहू दे. हालून राहिलं न..."

प्रणालीनं कॅमेरा सुरू केला. संगणकाचा पडदा काळा. तिला भीतीही वाटली नाही, फक्त बोटं गार पडली. त्या गार बोटांनी तिनं निळा दिवा बंद केला.

काकूंनी मान उचलली नाही.

"आता लेकीलेही लेक झाली वं..."

भिंगातून येणारा हिरवा उजेड त्यांच्या गालावर उतरत होता. हळूहळू वाढत होता.