लोरीनचं पहिलं रिव्हॉल्व्हर

तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे. पण लोरीन खोटं बोलणारी बाई नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा. तिने उभी हयात शाळेची बस चालवली. निम्मं गाव तिच्या बसमधून शिकायला गेलंय.

आणि यातलं शेवटचं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ओक्लाहोमा. मे महिना. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपार कलली होती, संध्याकाळ अजून व्हायची होती.

मे म्हणजे आमच्याकडे वादळांचा महिना. सायरन वाजला की जमिनीखाली जायचं. आमच्या रस्त्यावर तळघर एकच, लोरीनच्या परसात. घराच्याही आधीचं. कुणी बांधलं, कुणालाच ठाऊक नाही.

त्या दिवशी सायरन वाजला तेव्हा लोरीनकडे तिचा धाकटा भाऊ रॉईस आला होता. शेजारचे म्हातारे हॉलिसकाका काठी टेकत कुंपणापर्यंत पोचलेच होते. काखेत भेंडीच्या लोणच्याची बरणी.

"काका, अहो बरणी कसली आणताय? पळा!" लोरीन ओरडली.

"घर गेलं तर विमा आहे, पोरी. ओपलच्या हातचं लोणचं परत कोण घालणार?"

ओपल म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

लोरीनने टॉर्च घेतला. आणि स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या खणातून आपलं रिव्हॉल्व्हर घेतलं. इथल्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. वादळानंतर उघड्या घरांत चोर शिरतात. आणि तसंही, ते रिव्हॉल्व्हर म्हणजे तिच्या नवऱ्याची, एमेटची, आठवण होती. एमेट गेला होता. ते तेवढं उरलं होतं.

तिघं खाली उतरले. रॉईसने दार ओढून घेतलं.

मग कानात दडे बसले.

वर हजार गिरण्या एकदम सुरू झाल्यासारखा आवाज. भिंती थरथरल्या. माती गळू लागली.

आणि दारावर काहीतरी प्रचंड कोसळलं.

मग… सगळं शांत.

रॉईसने पायऱ्यांवर चढून दाराला खांदा लावला. दार हललं नाही. पाठ लावली. तसूभरही नाही.

"पिकॅनचं झाड पडलंय बहुतेक," तो धापा टाकत म्हणाला. "ताई, फोन?"

"स्वयंपाकघरात. चार्जिंगला. तुझा?"

"गाडीत."

दोघांनी हॉलिसकाकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका. माझा भिंतीवर टांगलेला आहे."

हसले तिघं. अजून हसू येत होतं.

ती खोली म्हणजे काँक्रीटचा डबा. समोरासमोर दोन बाकं. एकावर लोरीन आणि काका. रॉईस दाराखालच्या पायरीवर. समोरचं बाक रिकामं. हवेच्या नळीत चिखल बसला होता. हवा येत होती, पण जेमतेम.

टॉर्चचा उजेड पिवळा पडायला लागला.

"बंद कर ताई. पुढे लागेल."

लोरीनने टॉर्च बंद केला. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना.

सगळे गप्प बसले की छाती दाटून यायची. म्हणून हॉलिसकाकांनीच विषय काढला.

"पोरी, ते तुझं पहिलंच ना गं? रिव्हॉल्व्हर?"

"पहिलं आणि एकुलतं. एमेट तेलविहिरीवर जायचा. पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. एकदा हे आणून माझ्या हातात ठेवलं. मी इतकी घाबरले की पिठाच्या डब्यात टाकलं. रात्री त्याने भाकरी मागितली तर म्हटलं, पीठ काढायचं असेल तर तूच काढ!"

काका खो खो हसले. मग त्यांनी आपलं सांगितलं. लग्नानंतर झाडाचे पिकॅन, ते अक्रोडासारखे, विकून घेतलेलं बावीस कॅलिबरचं जुनं पिस्तूल. खुराड्यात साप शिरला म्हणून मोठ्या ऐटीत गेले आणि गोळी मारली ती ओपलच्या कपडे धुवायच्या टबला.

"साप?"

"तो अजून हसत असेल. ओपलने टबाच्या भोकाला च्युइंगम लावलं आणि मरेपर्यंत तोच टब वापरला. पाहुणा आला की आधी टब दाखवायची. चहापाणी नंतर."

रॉईस पायरीवरून म्हणाला, "माझं मला एमेटभावजींनीच दिलं होतं. मी मूर्ख. ट्रकच्या टायरसाठी विकून टाकलं. टायर वर्षभरात फुटला. ते पिस्तूल अजून स्वप्नात येतं."

"तुझी अक्कल तशीच," लोरीन म्हणाली.

"बघू गं ते तुझं," काका म्हणाले. "हाताला ओळख लागते का बघतो. आधी गोळ्या काढ मात्र."

लोरीनने अंधारातच चाचपून गोळ्यांची चक्री उघडली. पाचही गोळ्या काढल्या. समोरच्या रिकाम्या बाकावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात त्या टाकल्या.

टण. टण. टण. टण. टण.

रिव्हॉल्व्हर तिने काकांच्या हातात दिलं.

"अहाहा. मूठ काय गुळगुळीत झालीय. घे रॉईस, तूही बघ."

काकांनी हात पुढे केला. लोरीनला त्यांची बाही सरकल्याचा आवाज आला.

कुणीतरी ते घेतलं.

 मग…

"छान आहे."

आवाज खोल होता. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा असतो तसा.

"माझ्या पहिल्याची मूठ फुटकी होती. काळी चिकटपट्टी गुंडाळली होती मी. बायकोला ते घरात नको होतं. म्हणाली, खाली ठेव."

लोरीनला वाटलं, रॉईस काहीतरी नवीन रचतोय. त्याला सवयच होती.

"मग?" तिने विचारलं.

"मग इथेच ठेवायचो."

"इथे कुठे?"

"एकदा असंच वादळ आलं. मी एकटाच खाली होतो. वादळ गेलं. दार उघडेना. हाका मारल्या. वर कुणी उरलंच नव्हतं… कोण येणार?"

लोरीन चिडून म्हणाली, "पुरे हं रॉईस! ही काय वेळ आहे भुताच्या गोष्टी सांगायची?"

"ताई…"

रॉईसचा आवाज आला. पायरीवरून. तिच्या डावीकडून, वरून.

"ताई, मी कुठे बोलतोय? मला वाटलं काका आहेत."

हॉलिसकाका लोरीनच्या शेजारूनच बोलले.

"मी नाही रे, पोरा."

तो आवाज समोरून आला होता.

रिकाम्या बाकावरून.

"काका," लोरीन कुजबुजली, "रिव्हॉल्व्हर कुणाकडे आहे?"

"मी रॉईसला दिलं."

"मी पायरीवरून उठलोच नाही, काका."

लोरीनने टॉर्च शोधला. बटण लवकर सापडेना. सापडलं.

मरतुकडा पिवळा उजेड. काकांचा चेहरा. रॉईसचे बूट. समोरचं बाक… रिकामं. बिस्किटांचा डबा जागेवर. रिव्हॉल्व्हर बाकावर नव्हतं. जमिनीवर नव्हतं. कुठेच नव्हतं.

उजेड एकदा फडफडला आणि गेला.

नंतर कितीही दाबलं तरी टॉर्च लागला नाही.

रॉईस दारावर तुटून पडला. लाथा, बुक्क्या, शिव्या. लाकडावर हाडं आपटत होती. दार मख्ख होतं. शेवटी तो दमून खाली बसला.

शांतता.

आणि त्या शांततेत…

डब्यात काहीतरी हललं.

पत्र्यावर गोळ्या घरंगळल्याचा आवाज. हळूहळू. कुणीतरी डब्यात बोटं घालून… एक गोळी निवडत होतं.

मग चक्री उघडली. तो आवाज लोरीनच्या ओळखीचा होता. एमेट जेवणानंतर रिव्हॉल्व्हर पुसायला बसायचा, तेव्हा रोज ऐकलेला.

गोळी आत सरकली.

चक्री बंद झाली. खट्.

लोरीन मला म्हणाली, "मी पळायला जागा शोधत होते. हात पसरला तर भिंत. मागे सरकले तर भिंत. तो आमच्यापासून दोन हातांवर होता आणि मला जायला कुठे जागाच नव्हती."

हॉलिसकाकांनी तिचा हात घट्ट धरला. मग एकदम, मोठ्याने, ते बोलायला लागले.

"तर त्या टबाचं सांगत होतो. पुढे काय झालं, ऐका. ओपलची आई आली…"

समोरची हालचाल थांबली.

काका बोलत राहिले. काहीही. टब, साप, सासू, डुकरं. श्वास घ्यायला थांबले की समोरून रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर अंगठा टेकल्याची बारीकशी कुरकुर यायची. बोलायला लागले की थांबायची.

तो ऐकत होता.

काकांचा घसा बसला तेव्हा रॉईसने सुरू केलं. रडत रडत. एमेटभावजींबरोबर नदीवर नेमबाजी केली ते. टिनाचे डबे, कलिंगडं. त्यालाही सुचेना तेव्हा लोरीनने. लग्न, एमेटचे तेलाने माखलेले कपडे, त्याचं आजारपण, जे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं तेही. शेवटच्या दिवसांत एमेट तिला म्हणाला होता, "खण रोज उघडून बघत जा. ते जागेवर असलं की मी आहे असं समज." ते सांगताना ती रडली, पण थांबली नाही. थांबायचीच सोय नव्हती.

हवा जड झाली होती. जीभ टाळूला चिकटत होती.

आणि एकदा तिघंही एकदम गप्प झाले.

घोडा पूर्ण मागे ओढला गेला.

लोरीनने डोळे मिटले. मग तिने, का ते तिला आजही सांगता येत नाही, सरळ त्यालाच हाक मारली.

"अहो भाऊ… थोडं थांबा. आमची माणसं येतील. आम्हाला शोधत असतील."

घोडा सुटला नाही.

मग अगदी जवळून. तिच्या तोंडासमोरून.

"मलाही तसंच वाटलं होतं."

त्याच क्षणी वर करवत सुरू झाली.

आता माझं ऐका. मी शहरातून कामावरून परत येत होतो; बायको-पोरं त्या आठवड्यात तिच्या माहेरी होती. लोरीनचं परस पाहिलं, आडवं झालेलं झाड पाहिलं आणि अग्निशमनवाल्यांना ओरडून दाखवलं. फांद्या ओढणाऱ्यांत मीही होतो. दार उघडलं तेव्हा आधी रॉईस बाहेर आला, गुडघ्यांवर रांगत. मग आम्ही काकांना उचललं. लोरीन शेवटी आली आणि गवतावर बसून वर बघत राहिली.

"अजून उजेड आहे?" ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, दोन दिवस तरी गेले असतील.

मग तिने माझी बाही धरली. "आत जा. माझं रिव्हॉल्व्हर बघ."

मी गेलो. बरोबर शेरीफचा, म्हणजे इथल्या पोलिसप्रमुखाचा, एक माणूस होता, हातात मोठा दिवा. बाकांखाली पाहिलं. पायऱ्यांखाली पाहिलं. लोणच्याची बरणी फुटली होती, ते काचांसकट उपसलं. काँक्रीटला उंदराला शिरण्याइतकीही भेग नव्हती.

रिव्हॉल्व्हर नव्हतं.

बिस्किटांच्या डब्यात चार गोळ्या होत्या.

शेरीफच्या माणसाने लिहून घेतलं, "वादळात गहाळ." बंद तळघरातून कसं गहाळ झालं, ते त्याने विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

रॉईस पुन्हा बहिणीकडे आला नाही. सणासुदीला लोरीनच त्याच्याकडे जाते. हॉलिसकाका मागच्या हिवाळ्यात गेले. टबाची गोष्ट त्यांनी त्या दिवसानंतर कधीच सांगितली नाही. कुणी आपल्या पहिल्या पिस्तुलाचं कौतुक सुरू केलं की ते काठी घेऊन उठून जायचे.

जुनं दार तुटलं होतं. नवं मी बसवलं, पोलादी, बाहेर उघडणारं. लोरीनने एकच सांगितलं होतं. आतून कडी नको. बाहेरून कुणालाही उघडता आलं पाहिजे. म्हणून मी आतल्या बाजूला काहीच लावलं नाही. ना कडी, ना खिटी, ना मूठ.

गेल्या आठवड्यात लोरीन तिथली जाळी-धूळ काढायला गेली. थोड्या वेळाने माझ्या दारात उभी राहिली. हातात झाडू तसाच.

"जरा येतोस? दार उघडत नाहीये."

गेलो. दारावर काही पडलेलं नव्हतं. बिजागऱ्यांना गंज नव्हता. मी दोन्ही हातांनी ओढलं. दार बोटभर वर आलं…

आणि आतून कुणीतरी ते परत खाली ओढून घेतलं.

सावकाश. जोर न करता.

लोरीनने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. 

मी हात सोडला. आम्ही घरी आलो.

आज सकाळपासून रेडिओवर वादळाचा इशारा चालू आहे. बायको दोनदा विचारून गेली, सायरन वाजला तर पोरांना घेऊन लोरीनकडे जायचं ना?

मी अंगणात येऊन लोरीनच्या परसातल्या त्या पोलादी दाराकडे बघत उभा आहे.